मॅडमची फिरती

त्या पहाटे गहिनीनाथने मोटारसायकल आडवी घातली नसती, तर रुचा आपली मुकाट्याने टेकाड चढून-उतरून खोलीवर गेली असती आणि पुढचं काहीच घडलं नसतं. पण त्याने ती घातली. दोन्ही अंगांना दुधाचे कॅन लटकवलेली ती गाडी धुक्यातून खडखडत आली, तिला ओलांडून पुढे गेली आणि रस्त्याच्या मधोमध थांबली.

"बसा मॅडम," तो म्हणाला. "कोन पडलंय?"

रुचाला प्रश्नच कळेना. दिवाळी नुकतीच सरली होती, कडेच्या गवतावर दहिवर पडलं होतं, आणि पायातले नवे बूट पहिल्यांदाच मातीला लागत होते. धापा टाकत तिने त्यालाच उलट विचारलं, कुठे कोण पडलंय? तेव्हा तोही गोंधळला. पिंपळखडीच्या उपकेंद्रातली डॉक्टर मॅडम अंधुक उजेडात जीव तोडून पळते आहे, म्हणजे कुठल्या तरी वस्तीवर कुणाचं तरी बरंवाईट झालेलं असणार, हा त्याचा साधा अंदाज होता.

"कुणी पडलेलं नाही," रुचा म्हणाली. "मी नुसतीच पळतेय."

"नुसतीच?"

"नुसतीच."

त्याने तिच्या बुटांकडे पाहिलं, मग रस्त्याकडे, मग पुन्हा बुटांकडे. शिकलेल्या माणसांच्या कामात आपण कशाला नाक खुपसायचं, अशा चेहऱ्याने त्याने गाडी बाजूला घेतली. जाता जाता एवढंच म्हणाला, की तळ्याच्या अंगाला परवा बिबट्याचे ठसे दिसलेत; तर कुठल्या रस्त्याने जाणार ते रोज कुणाला तरी सांगून जात जा. आता पहाटे सहाला सांगायचं तरी कुणाला, हा रुचाचा प्रश्न रास्त होता. त्यावर तो किंचित अडखळला. "मला सांगा की... मी हितंच असतो. दूध गोळा करत."

हिवरे बाजार ओलांडून पुढे गेलं की जमीन सपाट राहायचं नावच घेत नाही. रस्ता चढतो, दम घेतो, उतरतो, ओढा ओलांडला की पुन्हा चढतो. पिंपळखडी हे गावही एका जागी बसलेलं नाही. ज्याचं रान जिथे, तिथे त्याची वस्ती. चार घरं इकडे, दोन तिकडे, आणि मधे कांदा नाहीतर ज्वारी. रुचाने पळण्यासाठी तीन वाटा ठरवल्या होत्या: तळ्याची, बिरोबाच्या माळाची आणि बंद पडलेल्या खडी क्रशरची. तिन्हींना चढ भरपूर होते आणि तिला तेच हवं होतं. चढावर छातीत इतकी धाप लागते की डोक्यात दुसरं काही राहत नाही.

तिच्या डोक्यात एरवी काय काय असायचं, तेही सांगायला हवं. रुचा नगरची, सावेडीत वाढलेली. आयुर्वेदाची पदवी घेऊन या उपकेंद्रात आली त्याला चार वर्षं झाली होती आणि आता ती एकोणतीस वर्षांची होती. दिवसभर रक्तदाब, साखर, गरोदर बायांची तपासणी, मग त्या सगळ्याची मोबाईलवरच्या चार वेगवेगळ्या अ‍ॅपवर नोंद, आणि नोंद होईपर्यंत वरून आलेला फोन की नोंद अजून का नाही झाली. गाव वाईट नव्हतं. उलट फार मायाळू होतं, आणि खरा त्रास तोच होता. किराणा दुकानात, देवळात, एसटीत, जिथे दिसेल तिथे लोक तिला थांबवून काहीतरी विचारत. मॅडम, ही गोळी जेवणाआधी का नंतर? मॅडम, सुनेला दिवस राहत नाहीत, काय करावं? आणि रुचाच्या तोंडून नाही हा शब्द काही केल्या निघायचा नाही. रात्री आठ तास झोपूनही ती सकाळी दमलेलीच उठे. म्हणून दिवाळीत तिने नगरलगतच्या केडगावला बदली मागितली होती. तिथे आठ तासांचं काम, घरी आई, दार लावलं की दार बंद. ऑर्डर येईपर्यंत तग धरायचा, एवढंच तिचं चाललं होतं. आणि त्यासाठी तिला रोजची ही चाळीस मिनिटं हवी होती, ज्यांत तिला कुणीही काहीही विचारणार नाही.

तर फाट्यावर रोज भेट होऊ लागली. ती वळणावर येई तेव्हा तो कॅनच्या दोऱ्या आवळत असे. ती सांगे, उद्या तळं. तो म्हणे, तळ्याला गारठा असंल, कान बांधा. ती सांगे, उद्या बिरोबा. मग तो वाटेवरच्या कुत्र्यांची माहिती देई.

"दुसऱ्या वस्तीवरचं लई भुकतं, पर ते चावत न्हाई."

"आणि तिसऱ्या?"

"ते भुकत न्हाई."

हे कळायला तिला चढाच्या निम्म्यापर्यंत जावं लागलं, आणि कळल्यावर ती एकटीच रस्त्यात उभी राहून हसली. कितीतरी महिन्यांत असं हसू आलं नव्हतं.

गाव त्याला नाथा म्हणे. रुचा मात्र पहिल्या दिवसापासून गहिनीनाथ म्हणाली, कारण उपकेंद्राच्या यादीत तसं लिहिलेलं होतं. एकदा तो लाजत म्हणाला, रेशनकार्डानंतर माझं पुरतं नाव घेनाऱ्या तुमीच. ती म्हणाली, मग नाथा म्हणू का? तो घाईने म्हणाला, नगा... असूं द्या तसंच. आणि किक मारायला वळला तेव्हा त्याचे कान लाल झालेले तिला दिसले. थंडीने असतील, असं तिने स्वतःला सांगितलं.

मग हळूहळू रस्त्यावर माणसं दिसू लागली.

आधी एक बाई दिसली, बांधावर सहज उभी राहिल्यासारखी. मॅडम, आलाच आहात तर जरा हात बघा. दोन दिवसांनी बिरोबाच्या वाटेवर तिघी. पुढच्या आठवड्यात तर पुंजाराम नावाचे म्हातारबुवा रस्त्याकडेला खाट टाकून, गुडघ्यावरचं धोतर सरकवून बसलेलेच होते. रुचा रस्ता बदलून क्रशरकडे गेली, तर तिकडे चौघी फायली घेऊन. तिला नवल वाटे, की मी आज इकडून येणार हे यांना कळतं कसं? पण विचारायचं त्राण नव्हतं. नाही म्हणणं तर रक्तातच नव्हतं. ती थांबे, नाडी बघे, जीभ बघे. पुढे पुढे तर पाठीवरच्या पिशवीत रक्तदाबाचं यंत्र घेऊनच पळू लागली. चाळीस मिनिटांच्या वाटेला पावणेदोन तास लागायला लागले. एका सकाळी ती तळ्याच्या काठावर यंत्राचा पट्टा गुंडाळता गुंडाळता तशीच बसून राहिली. उठावंसंच वाटेना.

उलगडा केला तो सत्यशीलाने. ही उपकेंद्राची आशा कार्यकर्ती, चांगली कामसू बाई. नोंदी करता करता ती मोठ्या कौतुकाने म्हणाली, की मॅडम, तुमची पायी फिरती लई भारी निघाली बघा. लाइनमनचा वार असतो, जनावरांच्या डॉक्टरचा वार असतो, पण तुमी तर रोजच येता. आणि नाथा आदल्या दिवशी दूध घेताना वस्तीवर सांगून ठेवतो, उद्या मॅडमची फिरती तुमच्याकडं हाय म्हणून. बाया कामाला जायच्या थांबतात.

रुचाच्या हातातलं पेन तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी ती पळाली नाही. चपला घालून फाट्यावर चालत गेली. त्याने लांबूनच हसून विचारलं, आज बूट न्हाईत? आणि मग तिचा चेहरा पाहून त्याचं हसू विरलं.

"तुम्ही सांगत होतात सगळ्यांना?"

"व्हय," तो म्हणाला. खोटं बोलायचं त्याला सुचलंसुद्धा नाही. "लोकान्ला बरं पडतं. तुमची बी फिरती वाया जात न्हाई."

"फिरती नव्हती ती. मी पळत होते. नुसतीच पळत होते, सांगितलं होतं तुम्हाला."

"मला वाटलं... पगारी मानूस नुसतंच कशाला पळंल?"

"कारण तेवढ्या वेळात मला कुणी काही विचारत नाही. दिवसातली चाळीस मिनिटं. तेवढीच माझी होती, तीही तुम्ही वाटून टाकलीत."

आवाज चढला नव्हता. आवाज चढवायलाही अंगात जोर लागतो. ती वळली आणि चालू लागली. मागे गाडी सुरू झाल्याचा आवाज बराच वेळ आला नाही.

त्यानंतर बारा दिवस बूट खाटेखाली पडून राहिले. लोक उपकेंद्रात येऊन विचारत, मॅडम, फिरती बंद केली का? ती म्हणे, थंडी आहे. दुधाची गाडी उपकेंद्रावरून जाताना पूर्वी हॉर्न वाजवायची, आता गुपचूप जायची. रुचाला राग होता, आणि राग असूनही रोज सकाळी साडेसहाला तिचे कान त्या गाडीकडे असत. याचाही तिला राग आला. आईचा, इंदूताईंचा, फोन आला की ती बदलीचं बोलायचं सोडून गहिनीनाथच्या तक्रारी सांगत बसे. शेवटी इंदूताई म्हणाल्या, "रुचा, त्या दूधवाल्याचं नाव तू आज अकरा वेळा घेतलंस. मी काही म्हणत नाही. नुसतं सांगते."

तेराव्या दिवशी सत्यशीलाने नवीनच बातमी आणली. नाथाच्या डोक्यावर परिणाम झालाय. दुपारचं जेवण झालं की कोयता घेऊन गायरानाच्या टेकडीवर जातो आणि दिवस मावळेस्तोवर घाणेरीची झुडपं तोडत बसतो. आधीच पहाटे चारला धारा काढायला उठतो, दुपारची तेवढी पाठ टेकायची, तर तीही गेली. त्याची आई मनकर्णाबाई विचारून दमली, पण गडी तोंड उघडत नाही.

रुचाने दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता बूट घातले.

गायरानाच्या टेकडीला गावाने काही वर्षांपूर्वी पाणी जिरवायला आडवे चर खणले होते. एकाखाली एक, टेकडीला वेढा घालून गेलेले. दोन चरांच्या मधली पट्टी घाणेरीने आणि वेड्या बाभळीने बुजून गेली होती. आता ती मोकळी होती. हातभर रुंदीची नव्हे, चांगली दोन माणसं जोडीने पळतील एवढी. काटे वेचून एका बाजूला रचलेले, मोठे धोंडे लोटून दिलेले, आणि जिथे वळण अवघड तिथे दगडाला चुना फासलेला. वाट टेकडीला वळसा घालून जाई. कुठे चढ, कुठे उतार, आणि सबंध वाटेवर एकही वस्ती नाही, एकही बांध नाही. विचारायला एकही माणूस नाही.

रुचा पळाली. पायाखाली ओलं गवत, उजवीकडे खाली धुक्यात बुडालेली ज्वारी, लांब कुठेतरी कुणीतरी गोफण फिरवून पाखरांना हाकारत होतं. पहिल्या फेरीत ती नुसती पळाली. दुसऱ्या फेरीत तिचे डोळे भरून आले, पण पळताना कोण बघतंय. तिसऱ्या वळणावर तिला खाली फाटा दिसला. दुधाची गाडी उभी होती, आणि शेजारी गहिनीनाथ. पण तो टेकडीकडे पाठ करून उभा होता. ती सबंध वळसा घालून आली तरी तसाच. खाली उतरून ती जवळ गेली, बुटांचा आवाज आला, तेव्हा कुठे तो वळला.

तिने विचारलं, असे पाठमोरे का उभे होतात? तो कॅनच्या झाकणाशी चाळा करत राहिला. म्हणाला, "वर तुमाला मोकळं वाटावं म्हनून. कुनी बघतंय म्हनल्यावर मानूस मोकळं पळत न्हाई."

रुचाला खूप काही बोलायचं होतं. तिने फक्त थँक्यू म्हटलं, आणि तेही नीट म्हणता आलं नाही.

पौष असाच गेला. ती रोज टेकडीवर पळे आणि उतरल्यावर फाट्यावर दहा मिनिटं थांबे. तो काही विचारत नसे. मुळात तो प्रश्न विचारायचाच नाही, हे तिच्या हळूहळू लक्षात आलं. मग तीच विचारू लागली. लग्न का नाही झालं, असं तिने एकदा धिटाईने विचारलं, तर तो हसला. बत्तीस वय, तेहेतीस घरं पाहून झाली, म्हणाला. वयापेक्षा घरं जास्त. शेतकरी नवरा कुनाला पायजे? शेवटच्या घरी मुलीने विचारलं होतं, शेण काढावं लागेल का. मध्यस्थाने आधीच बजावलं होतं की न्हाई म्हन. हा म्हणाला, व्हय, काढावं लागंल. तिथेच पोहे संपले.

"खोटं बोलायचं होतं की."

"मंग ती लगीन करून आली आसती आन् रोज शेन काढताना मला शिव्या दिल्या आसत्या." थोडं थांबून तो म्हणाला, "तवापासनं ठरीवलं. कुनाला काय विचारायचंच न्हाई. लई दमायला हुतं मॅडम, विचारून."

एका सकाळी तिने त्याला टेकडीवर ओढून नेलं. एवढी वाट काढली, एकदा तरी पळा. तो गोठ्यातले गमबूट घालूनच आला होता. जनावरामागे जन्मभर पळालेला गडी, पण दुसऱ्या वळणाला फतकल मारून बसला. म्हणाला, म्हशीच्या मागं पळताना म्हैस तरी थांबते. रुचा हसत हसत खाली बसली आणि डॉक्टरी आव आणून तिने त्याचं मनगट धरलं. हात थंड होता, बोटांना दुधाचा आणि कापलेल्या चाऱ्याचा वास होता. तिने घड्याळाकडे पाहत ठोके मोजले. मग थांबली.

"किती भरलं?" त्याने विचारलं.

"परत मोजते," ती म्हणाली. "मधेच चुकले."

तीन वेळा मोजलं. तिन्ही वेळा चुकलं. त्याने हात काढून घेतला नाही.

आणि मग, जानेवारी संपता संपता, ऑर्डर आली. केडगाव. सात दिवसांत हजर व्हावे. रुचाने मोबाईलवर ते चार ओळींचं पत्र तीनदा वाचलं. तीन महिने याच पत्राची वाट पाहिली होती. आनंद व्हायला हवा होता. झालं काय, तर नेहमीचा थकवा आणखी वीतभर खोल गेला. सकाळी फाट्यावर तिने त्याला सांगितलं. त्याने दोरीची गाठ दोनदा सोडून दोनदा मारली.

"चांगलं झालं," तो म्हणाला. "केडगाव काय... जवळच हाय."

आणि निघून गेला.

तो आठवडा गावाने तिला पुरतं पिळून घेतलं. तुमच्यानंतर कोण येणार, माझ्या गोळ्या कोण देणार, जाण्याआधी एवढा एक कागद करून द्या. पुंजारामबुवा तर दोन्ही गुडघे दाखवून गेले. इंदूताई म्हणाल्या, तुझी खोली लावून ठेवलीय, ये आणि दुपारपर्यंत झोप. सगळं गाव बोलत होतं, सगळं गाव विचारत होतं, आणि एकटा गहिनीनाथ गप्प होता. थांबा म्हणेल, असं तिला वाटलं होतं. कधी म्हणेल, कसं म्हणेल, म्हटल्यावर आपण काय म्हणू, हेसुद्धा तिने पळता पळता ठरवून ठेवलं होतं. तो फाट्यावर दिसे, मान हलवे, उद्या गारठा असंल म्हणे आणि किक मारे. एवढी वाट काढणाऱ्या माणसाला दोन शब्द काढता येऊ नयेत, याचं तिला रडू येई.

शेवटच्या दिवशी ती टेकडीवर गेली तेव्हा तो वर, चुन्याच्या दगडापाशी बसलेला होता. दुधाच्या वेळेला. धारा आज आईनं काढल्या, गाडी उशिरा निघंल, म्हणाला. रुचा थांबली. कमरेवर हात ठेवून, श्वास जुळवत उभी राहिली.

"या आठवड्यात मला सगळ्यांनी काही ना काही विचारलं," ती म्हणाली. "तुम्ही सोडून."

"तुमीच म्हनला हुता, कुनी काय विचारू नये."

"एक प्रश्न चालेल."

तो पुष्कळ वेळ खालच्या ज्वारीकडे बघत राहिला. रुचाचं काळीज चढावर वाजतं तसं वाजत होतं. आता म्हणेल. आता...

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "लई दमला का वो तुमी?"

चार वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. रुचा होती तिथे गवतात बसली, गुडघ्यांत तोंड घातलं आणि रडली. शांत, नीटनेटकं रडणं नव्हे. नाक गळेपर्यंत रडली. त्याने तिला गप्प केलं नाही. हातभर अंतरावर तिची पाण्याची बाटली धरून तो बसून राहिला. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, हो. खूप दमलेय.

"मंग जावा," तो म्हणाला. "जाऊन झोपा चांगल्या."

"थांबा म्हणावंसं नाही वाटत तुम्हाला?"

"रोज वाटतं." त्याने बाटली खाली ठेवली. "पर मी थांबा म्हनलं तर तुमी थांबाल. तुमाला न्हाई म्हनता येत न्हाई, साऱ्या गावाला म्हाईत हाय. पुंजारामबुवाचे गुडघे बघायला बी थांबता, तशा माझ्यासाठी बी थांबाल. तसं थांबलेलं मला नको."

चार वर्षं ज्याला त्याला हो म्हणत आलेल्या तिच्यासाठी कुणीतरी, स्वतःचं नुकसान करून, नाही म्हणण्याची जागा राखून ठेवली होती.

"म्हणजे मी तुम्हाला आवडते, असं समजू?"

"येवढी वाट काय हरनांसाठी काढली व्हय?"

ती हसली. नाक पुसलं, पुन्हा हसली. मग सरळ बसून म्हणाली, की केडगावला मी जाणार. तो म्हणाला, जावा. ती म्हणाली, तिथलं काम पाच वाजता संपतं. आणि इथून तासाभराचा रस्ता आहे. त्याला समजलं होतं, पण समजल्याचा भरवसा वाटत नव्हता.

"चौतिसावं घर सावेडीत आहे," रुचा म्हणाली. "रविवारी या. पोहे मी करते. आईला गोठ्याचं काही माहीत नाही, तिला सगळं खरं सांगा."

"आन् तुमाला?"

"मला आत्ताच सांगा. शेण काढावं लागेल?"

तो खरंच विचारात पडला. "रोजचं मी काढतो. सनावाराला पाव्हनं असल्यावर... आईला हातभार लावावा लागंल."

"सकाळी किती वाजता उठतात तुमच्यात?"

"चारला. पर तुमाला कोन उठवनार न्हाई. आईला मी सांगंन."

"आणि सगळ्या वस्त्यांवरची माणसं मला विचारायला घरी आली तर? येतीलच. डॉक्टर घरातच म्हटल्यावर कोण सोडतंय?"

"वट्यावर मी बसंन. मॅडम घरात न्हाईत म्हनंन."

"तुम्हाला खोटं बोलता येत नाही, गहिनीनाथ."

"शिकंन," तो म्हणाला.

ऊन आता टेकडीच्या माथ्यावर आलं होतं. रुचाने बूट सोडले, पाय लांब केले आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. तो आधी दगडासारखा ताठ झाला, मग हळूहळू सैलावला. त्याच्या अंगावरच्या घोंगडीच्या वासात तिचे डोळे मिटू लागले. अशी झोप तिला कित्येक महिन्यांत आली नव्हती, भर सकाळी, उघड्या माळावर.

तेवढ्यात खालून चराच्या कडेने कुणीतरी बाई हाका मारत वर येऊ लागली. हातात कागद असावा. "मॅडम हायत का वर? वो नाथा, मॅडम हायत का?"

रुचाची मान सवयीने उचलली गेली. गहिनीनाथने तळव्याने ती अलगद परत खांद्यावर टेकवली, घसा खाकरला आणि मोठ्याने ओरडून सांगितलं,

"न्हाईत!"